मदत हवी आहे: मोवर-कंडिशनरची शेतातली चाचणी कशी घ्यावी?

लसूणघासात दोन मोवर-कंडिशनर (चारा कापून तो लवकर वाळावा म्हणून लगेच चेचणारी यंत्रं) शेजारी-शेजारी चालवून पाहायचे आहेत. एक रबरी रोलरचा, दुसरा फ्लेलचा, म्हणजे फिरत्या दात्यांनी चारा झोडणारा. तासाला किती क्षेत्र झालं, डिझेल किती लागलं, खुंट किती उंच राहिले, हे मोजता येईल. अडतंय ते वाळण्याच्या वेगापाशी. कापताना ७५ ते ८० टक्के असलेला ओलावा गाठी बांधण्याजोगा कोण लवकर खाली आणतो? पण कापलेल्या चाऱ्याचा पट्टा रुंद पसरला की चारा तसाही लवकर वाळतो, मग श्रेय नेमकं कोणाला द्यायचं? रुंदी सारखी ठेवून, न चेचलेला एक पट्टा तुलनेला सोडला तर पुरेल का? नमुने वरचे-खालचे वेगळे घ्यावेत? आणि गळलेली पानं कशी मोजता? प्रथिनं पानांतच जास्त, म्हणून नुसत्या वेगावर मशीन निवडायला मन धजत नाही.