मैदानावर मुलं असताना गडगडाट ऐकू आला तर सराव कधी थांबवायचा? मदत हवी आहे

मी रोज संध्याकाळी मुलांचा फुटबॉलचा सराव घेते. आठ ते तेरा वर्षांची पंचवीसेक मुलं असतात. गेल्या आठवड्यात जे घडलं त्यानंतर मला धड झोप लागलेली नाही, म्हणून इथे विचारते आहे.

त्या दिवशी सराव सुरू झाला तेव्हा डोक्यावर ऊन होतं. एका बाजूला ढग चढत होते. मोबाइलवर पावसाची शक्यता ३० टक्के दिसत होती, चित्र अर्ध्या सूर्याचं. गडगडाट ऐकू येत होता, पण लांबून. मी म्हटलं, थेंब पडायला लागले की थांबू. थेंब पडलेच नाहीत. मैदानाच्या कडेच्या झाडावर वीज पडली. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत साल हातभर रुंदीने सोलून निघाली होती आणि तिचे तुकडे मुलांच्या पाण्याच्या बाटल्यांवर पडले होते. पाच मिनिटांपूर्वी सगळी मुलं त्याच झाडाखाली पाणी पीत होती.

कुणालाही काही झालं नाही. पण त्यानंतर पालकांत दोन तट पडले आहेत. काहीजण म्हणतात, हवामानवाल्यांचं कधी खरं ठरतं का, त्यांच्यावर विसंबून सराव बंद ठेवायला लागलो तर मुलं खेळणार कधी. दुसरीकडे रोज नवे फॉरवर्ड येतात, मोबाइलमुळे वीज ओढली जाते वगैरे. मला हे कळत नाही की ३० टक्के म्हणजे नेमकं काय समजायचं, आणि मैदानावर उभं असताना निर्णय कशावरून घ्यायचा. जवळ पत्र्याची उघडी शेड आहे, आणि थोडं चालून गेलं की शाळेची इमारत. कृपया ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी सांगावं.

प्रतिसाद – रानवाट

ताई, मुलं वाचली हे वाचून हायसं वाटलं. मी गिर्यारोहणाचे गट नेतो, आमचा नियम सांगतो.

पावसाची वाट पाहायची नाही. पहिला गडगडाट कानावर पडला की खेळ थांबला. गडगडाट फार तर पंधराएक किलोमीटरवरून ऐकू येतो. वीजही ढगापासून तेवढ्या अंतरावर, जिथे पाऊस नाही तिथे, पडू शकते. म्हणजे ऐकू आला याचा अर्थ तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. "लांबून येतोय" हा दिलासा खोटा आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं मोजायची. मध्ये पुन्हा ऐकू आला तर घड्याळ पुन्हा शून्यावर.

पत्र्याची उघडी शेड उन्हापावसासाठी ठीक, विजेसाठी नाही. भिंती, वायरिंग आणि नळाचे पाइप असलेली पक्की इमारत हवी, किंवा धातूचं छत असलेली गाडी, काचा बंद करून. झाडाखाली तर अजिबात नाही. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून जमिनीत पसरते, आणि बरीचशी माणसं अशी जमिनीतून आलेल्या प्रवाहानेच जखमी होतात. तुमच्या झाडाची साल निघाली ती आतल्या ओलाव्याची एका क्षणात वाफ झाली म्हणून.

मोबाइलचं म्हणाल तर तो वीज ओढत नाही. चार्जिंगला लावलेला मात्र हातात धरू नये. आणि हे प्रत्येक पालकाला माहीत हवं: वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार, ताबडतोब सुरू करायचा.

प्रतिसाद – वेधशाळेतला

मी बरीच वर्षं हवामानाचा अंदाज देण्याचं काम केलं आहे. "त्यांचं कधी खरं ठरतं का" हे वाक्य आम्हाला सगळीकडे ऐकू येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जगभरात ठरलेल्या वेळी, दिवसातून दोनदा, शेकडो ठिकाणांहून फुगे सोडले जातात. ते तीसेक किलोमीटर वर जाऊन फुटतात आणि वाटेत तापमान, दाब, आर्द्रता, वारा कळवत राहतात. त्यात उपग्रह, रडार, जहाजं, विमानं यांची निरीक्षणं मिळवून संगणकावर गणितं चालतात. एकदा नाही, सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करून अनेकदा. कारण तो किंचित फरकच पुढे मोठा होतो. १९६१ मध्ये अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकावरचं हवामानाचं गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं आणि काही काळाने दोन्ही हवामानं पार वेगळी झाली. आता तुमचे ३० टक्के: अशाच परिस्थितीचे दहा दिवस घेतले तर तीन दिवस तिथे पाऊस पडतो. पडला तर अंदाज चुकला असं होत नाही. आणि तो आकडा पावसाचा आहे, विजेचा नाही.

मोबाइलवरचा अर्धा सूर्य बहुतेक वेळा संगणकाच्या याच गणिताच्या आकड्यांवरून आपोआप उमटतो, त्यामागे माणूस नसतो. इशाऱ्यामागे असतो. गडगडाटी ढग काही किलोमीटर रुंद, आयुष्य अनेकदा तासाभराचं. आज दुपारनंतर असे ढग होतील हे सकाळी सांगता येतं; तुमच्याच मैदानावर येतील का हे रडार बघून फार तर तासभर आधी. म्हणून सकाळी अधिकृत हवामान खात्याचा इशारा वाचा, निघण्यापूर्वी पुढच्या एक-दोन तासांचा अंदाज बघा, आणि मैदानावर कानांवर विश्वास ठेवा.

इशारा देणाऱ्याच्या मनात दोन भीती असतात. दिला आणि काही झालं नाही, तर लोक "लांडगा आला रे आला" म्हणून पुढच्या वेळी ऐकत नाहीत. नाही दिला आणि झालं, तर त्याची भरपाई नाही. नौदल अधिकारी रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ मध्ये ब्रिटनमध्ये जहाजांसाठी वादळाचे इशारे सुरू केले, त्यांच्यावरही टीकेची झोड उठली. त्यांच्या मृत्यूनंतर इशारे बंदही झाले. परत सुरू करा म्हणून मागणी केली ती समुद्रावर जाणाऱ्यांनी. ज्यांचा जीव पणाला लागतो त्यांना चारदा विनाकारण थांबणं महाग वाटत नाही. पालकांना हे सांगून बघा.

धागालेखिका

दोघांचे मनापासून आभार. काल पालकांना एकत्र बसवून हे वाचून दाखवलं. विरोध पूर्ण मावळलेला नाही, पण नियम ठरला: प्रत्येक सरावाला एकाच व्यक्तीकडे कान देऊन ऐकायचं काम, तिने शिट्टी वाजवली की वाद नाही, चेंडूही उचलायचा नाही.

शाळेपर्यंत मुलांना घेऊन चालून बघितलं. धाकट्यांसकट साडेसहा मिनिटं लागली, मी दोनच मिनिटं लागतील असं धरून चालले होते. बाटल्या आणि दप्तरं आता झाडाऐवजी शाळेच्या दाराशी ठेवतो, म्हणजे घ्यायला कुणी मागे फिरणार नाही. एक शंका राहिली. शाळेचा मोठा व्हरांडा आहे, तिथे सगळी मावतात. तो चालेल का?

प्रतिसाद – वेधशाळेतला

व्हरांडा नको. वर्गाच्या आत, खिडक्यांपासून दूर, आणि तेवढा वेळ हात धुवायला नळावर कुणाला पाठवू नका. साडेसहा मिनिटं लागत असतील तर आकाश काळवंडलेलं दिसताच, गडगडाटाची वाट न पाहता, आधी धाकट्यांना पाठवा.