चार दारांचा छोटा पिकअप : थांबू का घेऊन टाकू? (बजेट १२ लाख, जालना जिल्हा)

तुतीवाला_अंबड
राम राम मंडळी. अंबड तालुक्यात दोन एकर तुती आहे, रेशीम करतो. कोष आत्तापर्यंत भाड्याच्या पिकअपनं जालन्याला नेतो. तिथला भाव पटला नाही तर तीन-चार जण मिळून थेट कर्नाटकातल्या रामनगरच्या कोष बाजारात, नऊशे किलोमीटरच्या आसपास. आता स्वतःची गाडी घ्यायचीय.

घरात आम्ही दोघं, आई अन् दोन पोरं. म्हणजे पाच जण नीट बसले पाहिजेत अन् मागं हौदा पाहिजे. एका बॅचचे कोष दीड-दोन क्विंटल भरतात. वजन काहीच नाही, पण जागा लई खातात. शेडपर्यंतचा रस्ता काळ्या मातीचा आहे, पावसाळ्यात ट्रॅक्टरशिवाय काही जात नाही. गल्ली अरुंद, त्यामुळं पाच मीटरवरची गाडी फाटकातून वळत नाही.

बजेट १२ लाख ऑन रोड. परत सांगतो, ऑन रोड.

२०२३ च्या १५ ऑगस्टला महिंद्रानं केपटाउनला स्कॉर्पिओ-एनवरचा पिकअप दाखवला, तेव्हापासून मी थांबलोय. मग २०२५ च्या १५ ऑगस्टला मुंबईत त्यांनीच व्हिजन एसएक्सटी दाखवली. ती तर अजून छोटी, मला पाहिजे तशी. पण त्या प्लॅटफॉर्मच्या गाड्या २०२७ पासून म्हणायलेत. थांबावं का? नसल तर कोणती घ्यावी?

हायलक्सधारी
डोळे झाकून टोयोटाची हायलक्स. २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस, ऑटोमॅटिकला ५०० एनएम टॉर्क. कंपनी ७०० मिमी पाण्यातून जाते म्हणते. जानेवारी २०२२ ला गाडी दाखवली त्याच आठवड्यात आपण बुकिंग टाकलं. पुढं बुकिंगच बंद झालं अन् २०२३ ला परत उघडलं. तोवर आपली दारात उभी होती. समृद्धीला लागलं की जालना कधी मागं जातं कळत नाही.

तुतीवाला_अंबड
दादा, बजेट १२ आहे. ती तिशीच्या घरात जाती.

हायलक्सधारी
लोन काढा की. गाडी एकदाच घेतो माणूस.

केजचा_मुकादम
महिंद्राची बोलेरो कॅम्पर. विषय संपला.

आमच्याकडं ऊसतोडीच्या निम्म्या टोळ्या कॅम्परवर चालतात. अडीच लिटरचं इंजिन, ७५ एचपी, २०० एनएम. आकडे बघून नाक मुरडणारे लई भेटतील, पण एक टन कागदावर घेती अन् तक्रार करत नाही. कोणत्याही गावात मिस्त्री मिळतो. दहाच्या आसपास येती. सप्टेंबर २०२५ पासून मालाच्या गाड्यांचा जीएसटी २८ चा १८ झालाय, त्याच्यामुळं आता जरा परवडती. लांबीला पाच मीटरच्या आत, फाटकातून जाईल. चारही चाकांना जोर देणारं फोर बाय फोर मॉडेल पण येतंय, शोरूमला आधीच विचारा, उभी नसती.

नियमावली_नांदेड
कॅम्पर सुचवणाऱ्यांनी पुढचं पण सांगावं. ती मालवाहू म्हणून नोंदते, पिवळी पाटी. नव्या गाडीला फिटनेस दोन वर्षांचं, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. विम्याचा नुसता थर्ड पार्टी हप्ता बघा : २०२२ च्या दरपत्रकात साडेसात टनांपर्यंतच्या भाड्याच्या मालवाहू गाडीला १६,०४९ रुपये, दीड लिटरवरच्या खासगी कारला ७,८९७.

आरसीवर आसनक्षमता जेवढी लिहिली तेवढीच माणसं बसवायची. हौद्यात बसलेल्या माणसाचं काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. आईला तुळजापूरला नेताना पाच जण केबिनमध्ये असतील तर अडचण नाही, पण पॉलिसी काढताना प्रवाशांचं वेगळं कव्हर मागून घ्या. एजंट आपणहून सांगत नाही.

केजचा_मुकादम
अन् लायसनवर मालवाहू गाडीचा बॅज लागतो ते राहिलं. साध्या लायसनवर पकडलं की गेले पैसे.

नियमावली_नांदेड
नाही लागत. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या साध्या लायसनवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते.

केजचा_मुकादम
कोर्टाचं कोर्टात. रात्री दोन वाजता नाक्यावर उभा असलेला माणूस वेगळा असतो.

नियमावली_नांदेड
म्हणूनच निकालाची प्रत मोबाईलमध्ये ठेवायची.

भाचा_डॅलसला
तुम्ही जे शोधताय ते अमेरिकेत मिळतं. माझ्या भाच्याकडं फोर्ड मॅव्हरिक आहे. चार दारं, मागं छोटा हौदा, हायब्रिड इंजिन, कारसारखी चालते. मेक्सिकोत बनते. २०२१ ला बाजारात आली तेव्हा साधं मॉडेल २० हजार डॉलरच्या आत होतं. ह्युंदाईची सांताक्रूझ पण तशीच. भाचा म्हणतो, तिथं पण लोकांना मॅव्हरिकसाठी महिनोन् महिने थांबावं लागलं.

तुतीवाला_अंबड
अन् इथं?

भाचा_डॅलसला
इथं नाही. स्टिअरिंग डावीकडं. एक कल्पना दिली.

हळदकुंड_वसमत
थांबू नका. मी एका गाडीसाठी वाट बघत बसलो अन् दोन हंगाम हळद भाड्याच्या गाडीनं नेली. गाडी आली तेव्हा बजेट तिच्या खालून निघून गेलतं. मग दुसरीच घेतली, नाव लिहीत नाही. मागच्या पावसाळ्यात तिचं मागचं दार चेपलं तर त्याला लागणारी एक काडी यायला पोळा गेला, दसरा गेला. तवर दार दोरीनं बांधून फिरायलो. गाडी कोणती घ्यायची ते घ्या, पण सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब हे आधी बघा.

व्हीक्रॉस_लातूर
पोस्ट उशिरा बघितली. माझी इसुझु व्ही-क्रॉस आहे, १.९ लिटर, १६३ पीएस, ३६० एनएम. पांढरी पाटी, म्हणजे कार म्हणूनच नोंदते. सीटवर आईवडील तक्रार करत नाहीत. पण तुम्हाला मी ती सांगणार नाही. एक तर ५.३ मीटर, तुमच्या फाटकात अडकेल. दुसरं, किंमत तुमच्या दुपटीच्या वर, अन् वीस लाखांवरच्या डिझेलला आपल्याकडं रोड टॅक्सच १५ टक्के. तिसरं, कागदावर भार कॅम्परपेक्षा बराच कमी. तुमच्या कोषांना तो पुरेल हे खरं, पण उद्या खताची पोती टाकाल.

फोर बाय फोरबद्दल मात्र बोलतो, कारण सगळे तिथंच फसतात. काळ्या चिकण मातीत टायरच्या खाचा दहा पावलांत बुजतात अन् टायर गुळगुळीत होतो. मग चारही चाकं एकदम जागेवर फिरतात, एवढाच फरक. माझी गाडी मुरमाच्या, दगडाच्या वाटेवर कुठंही चढते, पण भर पावसात शेताच्या बांधावरून मी तिला घालत नाही. टायर चांगले खोल खाचांचे घ्या, हवा थोडी कमी करा, अन् शेडपर्यंतच्या वाटेवर मुरूम टाकून घ्या. मुरमाचा खर्च फोर बाय फोरच्या फरकाच्या आत बसतो.

केजचा_मुकादम
मुरूम काय, पाणंद रस्त्याची योजना आहे की. सरपंचाला धरा.

तुतीवाला_अंबड
सरपंच चुलतभाऊच आहे. रस्ता त्याच्या सासऱ्याच्या बांधावरून जातो. म्हणून तर होत नाही.

हायलक्सधारी
हायलक्स घेतली असती तर रस्त्याचा प्रश्नच आला नसता.

हळदकुंड_वसमत
सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत कुठं होती तुमची हायलक्स?

हायलक्सधारी
घरी. पूर आल्यावर गाडी बाहेर काढायची नसते.

योद्धा_सेलू
टाटा योद्धाचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? चार दारी क्रू कॅब येते. २.२ डिझेल, १०० एचपी, २५० एनएम. कॅम्परपेक्षा ताकद जास्त. आमच्या पाव्हण्याकडं आहे, मोसंबी नेतो.

केजचा_मुकादम
मोसंबी वेगळी, कोष वेगळे.

योद्धा_सेलू
तुम्ही तर ऊसतोडीचं सांगायलाव.

चॉकीवाली_बीड
भाऊ, मी चॉकी सेंटर चालवते, म्हणजे रेशमाच्या कोवळ्या अळ्या (चॉकी) वाढवून शेतकऱ्यांना देते. वर कुणीच हे लिहिलं नाही म्हणून लिहिते.

इंजिन कोणतं ते तुम्ही बघा. पण ज्या हौद्यात फवारणीचा ड्रम ठेवता, त्यात अळ्या किंवा तुतीचा पाला ठेवायचा नाही. सोयाबीनवर मारायचं औषध सांडलेलं असलं तर हौदा धुतला तरी फटीत, रबरी मॅटखाली राहतं. वास आपल्याला येत नाही, अळीला पुरतो. माझ्याकडून एकदम निरोगी चॉकी गेलेली अन् शेतकऱ्याच्या शेडवर उलट्या करून मेलेली मी बघितलेली आहे. लोक म्हणतात बीज, म्हणजे अंडीच, खराब. चौकशी केली की भाड्याची गाडी निघते, आदल्या दिवशी तिनं कीटकनाशकाचे बॉक्स वाहिलेले असतात.

त्यासाठी चार दारांची गाडी घेणं बरोबर आहे. चॉकीचे ट्रे मागच्या सीटवर ठेवा, पहाटे निघा, एसी बेताचा, गार वारं थेट ट्रेवर नको. आत उदबत्ती, डास मारायचं मशीन, अत्तर काही नको. कोष हौद्यात प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, दाबून भरायचे नाहीत, वरून ताडपत्री पण बाजूनं हवा खेळती. गच्च झाकले तर घाम सुटतो अन् कोष डागतात, मग मार्केटमध्ये भाव कापतात. जालन्यात २०१८ ला कोष बाजार सुरू झाल्यापासून बरंच अंतर कमी झालंय, पण रामनगरला जाणारे अजून हेच करतात, गच्च झाकून नेतात.

जुनी गाडी बघत असाल तर आधीच्या मालकानं काय वाहिलं ते विचारा. किलोमीटर नंतर विचारा. अन् घेतल्यावर ब्लीचिंग पावडर अन् चुन्यानं धुवा, शेड धुता तसंच. पत्रा असल्यामुळं मग साध्या पाण्यानं परत धुवायचं, नाहीतर गंजतो.

तुतीवाला_अंबड
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात माझी अख्खी बॅच गेली ती भाड्याच्याच गाडीतून आणलेली होती. मी बीजाला दोष देत बसलो.

चॉकीवाली_बीड
सगळे तेच करतात.

भाचा_डॅलसला
मॅव्हरिकच्या हौद्याला कंपनीकडूनच झाकण मिळतं.

केजचा_मुकादम
नवी कॅम्पर घ्या. नवीन हौदा, औषधाचा प्रश्न मिटला. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

योद्धा_सेलू
योद्धा पण नवीनच मिळते.

तुतीवाला_अंबड
मंडळी, घेतली. कॅम्पर नाही, योद्धा नाही. टाटा झेनॉन एक्सटी, २०१२ ची, पांढरी पाटी. परभणीला आमचा एक पाव्हणा लग्नाचे फोटो काढतो, त्याची. हौद्यात आजवर ट्रायपॉड, लाईटी अन् जनरेटरशिवाय काही गेलं नाही. बायको गाडीत बसली, आई बसली, आई म्हणाली हीच घे. साडेतीन लाखाला दिली.

केजचा_मुकादम
अरे देवा. तेरा वर्षांची गाडी?

व्हीक्रॉस_लातूर
इंजिन चांगलं आहे त्याचं, २.२ चं. पण मॉडेल बंद होऊन वर्षं झाली. यांत्रिक पार्ट मिळतील, बॉडीचे अन् काचेचे मिळायला शोधावं लागेल. मागचे लाईट, दाराची रबरं आत्ताच घेऊन घरात ठेवा. टायमिंगचं काम कधी केलंय ते विचारलं का?

तुतीवाला_अंबड
विचारलं. बिलं आहेत.

नियमावली_नांदेड
नाव बदलायला फॉर्म २९ अन् ३०. खरेदीपासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवा, नाहीतर तुमच्या नुकसानीचा दावा अडकतो. अन् २०२७ ला पंधरा वर्षं पूर्ण होतील. तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण, तपासणी, हरित कर, सगळं येईल.

तुतीवाला_अंबड
२०२७ लाच ती महिंद्राची छोटी येणार म्हणायलेत ना? तवर ही चालवतो. बजेटमधले साडेआठ लाख शिल्लक आहेत. त्यातून दुसरं शेड उभं करायलोय.

हळदकुंड_वसमत
म्हणजे घेतली पण अन् थांबलात पण.

योद्धा_सेलू
एक शंका. झेनॉन पाच मीटरच्या वर आहे. तुमच्या फाटकातून वळत नाही म्हणाला होतात.

तुतीवाला_अंबड
एक खांब पाडला.

हायलक्सधारी
मग हायलक्स पण बसली असती!

चॉकीवाली_बीड
भाऊ, खांबाचं जाऊ द्या. जनरेटर वाहिलाय म्हणालात ना? मग हौद्यात डिझेल सांडलेलं असणार. मॅट काढून खालचा पत्रा बघा, सोड्यानं घासा, दोन दिवस उन्हात उघडा ठेवा. त्याच्याआधी ट्रे न्यायला येऊ नका, मी देणार नाही.

तुतीवाला_अंबड
मॅट काढली ताई. खरंच वास हाय. सोडा आणायला चाललोय.