मदत हवी आहे: कालव्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला नाही, आता कोर्टात जायला उशीर झालाय का?

नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जि. सांगली. साधारण २००१ च्या सुमारास उपसा सिंचनाचा पोटकालवा आमच्या रानातून गेला. मोजणी झाली, खुणेचे दगड रोवले आणि पुढच्या उन्हाळ्यात पोकलेन लागला. "पैसे मागाहून मिळतील, आधी पाणी येऊ दे" म्हणाले. दुष्काळी भाग, पाण्याला नाही कोण म्हणणार? पाणी आलं, आसपास द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आनंदच आहे. पैसे मात्र आजतागायत नाहीत.

सातबारा अजून वडिलांच्या नावावर, पूर्ण क्षेत्राचा. कालव्याची नोंद ना इतर हक्कात, ना फेरफारात. माहिती अधिकारात एकच कागद मिळाला, संयुक्त मोजणी पत्रक. त्यात आमचा गट आहे, क्षेत्र ३४ आर लिहिलंय, खातेदाराच्या सहीचा रकाना कोरा. निवाडा (जमीन संपादनाचा आणि मोबदल्याचा अधिकृत आदेश) झाला का विचारलं तर "फाईल सापडत नाही". वडिलांनी वर्षानुवर्षं अर्ज दिले, काहींची पोच आहे. ते आता थकलेत. त्यांच्या हयातीत हे मार्गी लागावं असं फार वाटतं.

एक वकील म्हणतात, २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम २४(२) लावून संपादनच रद्द मागू. दुसरे म्हणतात, इतक्या वर्षांनी रिट (हायकोर्टातली याचिका) टिकणार नाही. आम्हाला जमीन परत नकोच, कालवा चालू राहू दे. फक्त मोबदला हवा. काय करावं?

प्रतिसाद:

दादा, आधी निवाड्याचा छडा लावा. पैसे पाटबंधारे खात्याकडून येतात, त्यामुळे प्रत तिकडेही असू शकते. तिथे वेगळा अर्ज टाका. जुन्या, १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४ आणि ६ ची अधिसूचना राजपत्रात शोधा.

निवाडा निघाला तरी २४(२) च्या नादी लागू नका. इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, ताबाही घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, असं दोन्ही असेल तरच संपादन रद्द होतं. तुमच्या रानातून पाणी वाहतंय, म्हणजे ताबा गेलाच. वाढीव मोबदल्याची जुन्या कायद्याच्या कलम १८ ची मुदतही कधीच संपली असणार. पण निवाड्याची मूळ रक्कम दिली किंवा जमा केली नसेल, तर ती त्याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे व्याजासह मागा: पहिल्या वर्षी ९ टक्के, पुढे १५.

निवाडाच नसेल तर तुमची बाजू भक्कम. विद्या देवी विरुद्ध हिमाचल प्रदेश (२०२०) वाचा. रस्त्यासाठी जमीन गेली १९६७-६८ ला, बाई कोर्टात गेल्या २०१० ला, तरी मोबदला मिळाला. कायद्याची प्रक्रिया न करता जमीन घेणाऱ्या सरकारला उशिराची ढाल घेता येत नाही, असं कोर्टाने म्हटलं. आपल्याकडचा तुकाराम काना जोशी विरुद्ध एमआयडीसी (२०१२) हाही निकाल वकिलांना दाखवा.

वडिलांच्या अर्जांच्या पोचा तारखेप्रमाणे लावा. गप्प बसलो नव्हतो, याचा तोच पुरावा. रिटसाठी आता मुंबई नको, ऑगस्ट २०२५ पासून सांगली जिल्हा हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. मोजणी पत्रकाची प्रत मात्र शिक्क्यासह साक्षांकित करून घ्या, साधी झेरॉक्स पुरणार नाही.