त्रेसष्ट सांगितले की छत्तीस लिहिते

प्रश्न: सिंहगड रस्त्यावरची आई

माझी मुलगी पुण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकते. वाचनाची चिंता नाही. जोडाक्षरांशी झटापट अजून चालू असली, तरी रिक्षातून जाताना दुकानांच्या पाट्या ती आपणहून वाचत असते. अडचण आहे ती ऐकून संख्या लिहिण्याची. ‘त्रेसष्ट’ सांगितले की ती ३६ लिहिते, ‘अठ्ठेचाळीस’ सांगितले की ८४, आणि ‘एकोणसाठ’ म्हटले की चक्क ६१. फळ्यावरून वहीत उतरवताना मात्र एकही चूक होत नाही.

सासूबाईंच्या मते रोज संध्याकाळी दिवेलागणीला उजळणी म्हणून घेतली की सगळे सुरळीत होईल. त्यांना स्वतःला पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, आजही पाठ आहेत. यजमानांना शंका आहे की हा अध्ययन अक्षमतेचा प्रकार असावा आणि वेळेवर तपासणी करून घ्यावी. दुसरीतल्या मुलीला नेमके किती यायला हवे आणि मी घरी काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: निवृत्त शिक्षिका, मुळशी तालुका

ताई, तीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग घेतले, त्यात असे ३६ मी इतक्या वेळा पाहिले आहेत की आपल्या मुलीची वही न पाहताही ती डोळ्यांसमोर येते. ती ऐकते ते प्रामाणिकपणे लिहिते आहे. ‘त्रेसष्ट’ या शब्दात तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी येतात आणि तीन नंतर. कानावर आलेला पहिला अंक तिने पहिल्यांदा लिहिला, इतकेच. ‘एकोणसाठ’मध्ये तर तिला ‘एक’ आणि ‘साठ’ हे दोनच ओळखीचे शब्द सापडले आणि तिने त्यांची बेरीज केली. तो शब्द वजाबाकीचा आहे, साठाला एक उणा, हे तिला कुणी सांगितलेलेच नसावे.

उजळणीला माझा विरोध नाही, पण शंभरपर्यंतची नावे तोंडपाठ असलेली मुलेही श्रुतलेखनात हमखास अशीच चुकतात, कारण उजळणीत संख्या ओळीने येतात आणि श्रुतलेखनात एकेकटी. म्हणून हातात वस्तू द्या. खराट्याच्या काड्या तोडून दहा-दहांचे गठ्ठे रबराने बांधा आणि काही काड्या सुट्या ठेवा. आपण ‘त्रेसष्ट’ म्हणायचे, तिने सहा गठ्ठे आणि तीन काड्या मांडायच्या, आणि गठ्ठे नेहमी डाव्या हाताला. मगच पेन्सिल हातात घ्यायची. दुसरी गोष्ट, संख्येचे घराणे ओळखायला शिकवा: ‘-सष्ट’ ऐकले की साठीचे घर, ‘-हत्तर’ ऐकले की सत्तरीचे, ‘-वन्न’ किंवा ‘-पन्न’ ऐकले की पन्नाशीचे. घर आधी लिहायचे, माणूस नंतर. एकोणाच्या संख्या मात्र या पंक्तीत बसवू नका, त्यांना वेगळा दिवस द्या. आणि ‘नव्याण्णव’ला ‘एकोणशंभर’ का म्हणत नाहीत असे तिने विचारले, तर शाबासकी द्या, कारण तिला नियम कळला आहे.

अध्ययन अक्षमतेचे म्हणाल, तर सात वर्षांच्या मुलाने अंक उलटसुलट लिहिणे एवढ्यावरून तसा निष्कर्ष काढू नये. त्याचे प्रमाणपत्रही साधारणपणे आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. वाचन चांगले आहे आणि पाहून लिहिताना चूक होत नाही, या दोन्ही गोष्टी मला तरी दिलासा देणाऱ्या वाटतात. अपेक्षांविषयी विचारलेत: २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि ९९ पर्यंतची वजाबाकी यावी, असे लक्ष्य धरलेले आहे. दिवाळीच्या आधीच ते गाठायची घाई करू नका.

उत्तर: माहेर बेळगाव, सासर कोथरूड

माझे प्राथमिक शिक्षण कन्नड माध्यमात झाले. तिथे त्रेसष्टला ‘अरवत्तमूरु’ म्हणतात, म्हणजे सरळ साठ-तीन. जसे बोलायचे तसेच लिहायचे. त्यामुळे मुलाला मराठी संख्या शिकवताना मीच जास्त अडखळले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी नावे आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विषय थेट विधानसभेत पोहोचला. बालभारतीच्या गणित विषय समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, दोन्ही दिली आहेत, असे वारंवार सांगितले, पण विनोदांच्या गोंगाटात ते फारसे कुणी ऐकले नाही. मला ती पद्धत आजही योग्य वाटते.

उत्तर: मंडईचा नेहमीचा ग्राहक

योग्य असेलही, परंतु मंडईत भाजीवाल्या मावशी ‘साठ तीन रुपये’ म्हणणार नाहीत, त्या ‘त्रेसष्ट’च म्हणतील. मुलांना अखेरीस त्यांच्याशीच व्यवहार करायचा आहे. सासूबाईंची उजळणी बंद करू नका.

उत्तर: निवृत्त शिक्षिका, मुळशी तालुका

दोघांचेही पटते. ‘साठ तीन’ ही चढायची शिडी समजावी. वर पोहोचल्यावर ‘त्रेसष्ट’च म्हणायचे आहे. गठ्ठे मांडताना आधी ‘साठ आणि तीन’ म्हणू द्या, लगेच पाठोपाठ ‘त्रेसष्ट’ म्हणवून घ्या. शिडी काढायची घाई आणि शिडीवरच बसून राहणे, दोन्ही टाळावे.

सिंहगड रस्त्यावरची आई

सर्वांचे आभार. गेले बारा दिवस काड्यांचे गठ्ठे चालू आहेत आणि ते बांधायचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. रविवारी पर्वती चढताना मुलीने पायऱ्या मोजल्या. प्रत्येक एकोणापाशी ती थांबून बोटांवर काहीतरी करत होती, त्यामुळे मागच्या लोकांचा खोळंबा झाला, पण शंभरी तिने न चुकता ओलांडली. काल श्रुतलेखनात दहापैकी दोनच चुका होत्या. त्रेसष्ट बरोबर आले होते. ते लिहून झाल्यावर ती म्हणाली, ‘आई, या सहा आणि तीनची तोंडे एकमेकांकडे आहेत, आणि छत्तीसमध्ये ते रुसलेले आहेत.’ छत्तीसचा आकडा हा शब्दप्रयोग तिला अजून कुणी शिकवलेला नाही. एकोणसाठ मात्र अजूनही ६१ च आहे.