मदत हवी आहे: नाटकातली कुत्री तालमीत चोख, रंगमंचावर गेली की विंगेतच थबकते

आमच्या हौशी संघाच्या दोन अंकी नाटकात एक कुत्री आहे. चिमणी, तीन वर्षांची, देशी, माझ्याच घरची. काम एवढंच: उजव्या विंगेतून यायचं, आजोबांची चप्पल तोंडात धरून मध्यावर न्यायची आणि त्यांच्या पायाशी बसायचं. डाव्या विंगेतून मी हाताने खूण करते, कारण तेव्हा संवाद चालू असतो आणि हाक मारता येत नाही.

तालमीच्या हॉलमध्ये दहापैकी नऊ वेळा बरोबर. नाट्यगृहात मात्र विंगेतून दोन पावलं टाकते आणि थांबते. शेपटी खाली, कान मागे. पायाखालच्या लाकडी फळ्यांचा पोकळ आवाज आणि समोरचा झगझगीत प्रकाश, दोन्हींमुळे बिचकते असं मला वाटतं. शिवाय उजेड डोळ्यांवर आल्यावर पलीकडच्या अंधारातला माझा हात तिला दिसतच नसावा.

शिकवताना क्लिकर (बरोबर केलं की 'टक' असा आवाज करायचं छोटं साधन) आणि बक्षीस म्हणून उकडलेलं चिकन वापरते. बसायच्या जागी तिची ओळखीची चटई ठेवून पाहिली, तिथे पोचली तर छान बसते. टाळ्यांचं रेकॉर्डिंग घरी हळू आवाजात ऐकवतेय, त्याची आता सवय झालीय. प्रयोगात प्राणी वापरण्याबाबतच्या २००१ च्या नियमांनुसार लागणाऱ्या नोंदणीचं बघतोय, त्यामुळे तो प्रश्न नाही. ओढणं, ओरडणं, उपाशी ठेवणं करणार नाही. ती तयार झाली नाही तर प्रसंगच बदलू.

प्रयोगाला पाच आठवडे आहेत, त्याआधी नाट्यगृह एकदाच चार तास मिळेल. त्या चार तासांत आधी काय करू, फक्त जमिनीची सवय की प्रकाशाची? आणि हाताच्या खुणेऐवजी तिला अंधारातही कळेल, पण प्रेक्षकांना जाणवणार नाही, अशी कोणती खूण शिकवू?