गावात फ्लूची साथ आहे. घरात गरोदर बायको, सिकलसेलची पुतणी आणि शुगरवाली आई. लस घ्यावी का?

धानबांधी

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, आणि जरा लवकर हवी आहे.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात. पोळ्यापासून गावात तापाची साथ आहे. घरातला एक जण पडला की दोन-चार दिवसांत सगळं घर आडवं होतं. थंडी वाजून ताप, अंग मोडून येणं, घसा, कोरडा खोकला. बहुतेक लोक आठवड्यात उठून कामाला लागतात. पण शेजारच्या गावची एक बाई खोकल्यावरून एकदम श्वासावर आली, नागपूरला नेली आणि तिथंच गेली. रिपोर्टमध्ये स्वाइन फ्लू निघाला असं सांगतात. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी इंजेक्शनचाच विषय आहे.

माझ्या घरची परिस्थिती सांगतो. बायकोला सातवा महिना चालू आहे. भावाची मुलगी सहा वर्षांची, तिला सिकलसेल (रक्ताचा जन्मजात आजार) आहे, एसएस म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. आईला शुगर, गोळ्या चालू आहेत, आणि जन्मभर चुलीपुढे बसल्यामुळे दमही लागतो. बाबा माळकरी, तब्येतीने ठीक. मी आणि भाऊ धडधाकट.

आई म्हणते, "कोरोनाचं इंजेक्शन घेतलं तवापासून गुडघे गेले, आता मले अजून एक नोको." सासूबाईंचा रोज फोन येतो की पोटुशी बाईला असलं काही देऊ नका. वहिनी म्हणते पोरीला आधीच इतक्या सुया टोचतात, अजून एक कशाला. बाबांनी कुठूनतरी ऐकलं की ही लस अंड्यात बनते, त्यामुळे त्यांचा नकार वेगळाच. मोबाईलवर येणारे मेसेज तर विचारूच नका.

तालुक्याच्या एका मेडिकलमध्ये चौकशी केली. दीड-दोन हजार सांगतात एका लसीचे. धान अजून बांधीत उभं आहे, हातात पैसा दिवाळीनंतरच येणार. सगळ्यांना घ्यायची म्हटली तर उसने काढावे लागतील. पैशाचं मी बघेन, पण घेऊन उपयोग आहे का? साथ आधीच गावात शिरली आहे, आता घेऊन उशीर तर झाला नाही? आणि पोटातल्या बाळाला काही होणार नाही ना? कोणाला खरंच माहीत असेल तर सांगा.

पऱ्हाटी_यवतमाळ

भाऊ, माझा अनुभव सांगतो. मागच्या वर्षी मी लस घेतली, तरी महिन्या-दीड महिन्यात ताप-खोकला झालाच. वेचणीचे दिवस होते, खाट धरून बसावं लागलं. म्हणून यंदा घेतली नाही. धडधाकट माणसाने कर्ज काढून घ्यावी असं मला तरी वाटत नाही. तुमच्या घरातल्या आजारी माणसांचं मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, ते जाणकाराला विचारा.

नर्सबाई_आरमोरी

धानबांधी दादा, मी एएनएम म्हणजे आरोग्यसेविका म्हणून उपकेंद्रावर नोकरी केली, आता रिटायर आहे. तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले, कारण सातवा महिना म्हटल्यावर वाट पाहण्यात अर्थ नाही.

पहिली बायको. तिला टोचायची लस ही मेलेल्या विषाणूची असते. त्यातून फ्लू होऊच शकत नाही, तिला नाही आणि बाळालाही नाही. गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन आपण सगळ्या बायांना देतोच, त्याला कोणी नाही म्हणत नाही. ही तशीच दंडात द्यायची सुई आहे, कोणत्याही महिन्यात चालते. नाकात फवारायची एक जिवंत विषाणूची लस असते, ती मात्र गरोदर बाईला देत नाहीत. तेवढं विचारून घ्या.

उलट गरोदर बाईला फ्लू झाला तर तो अंगावर जास्त येतो. पोट वाढलं की फुप्फुसाला जागा कमी पडते, आणि शरीराची लढायची रीतही त्या दिवसांत बदललेली असते. २००९ च्या साथीत गरोदर बायांचे किती हाल झाले ते आम्ही ऐकलं आहे, पाहिलंही आहे. आणि अजून एक गोष्ट सासूबाईंना जरूर सांगा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. आईने घेतली तर तिच्या रक्तातून बाळाला संरक्षण मिळतं आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने ते पुरतं. तुमचं बाळ थंडीत जन्मेल, घरात खोकणारी माणसं असतील. त्याच्यासाठी हाच सगळ्यात चांगला उपाय आहे.

पैशाचं: मेडिकलमध्ये जाण्याआधी ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. २०१५ ची मोठी साथ आली, देशात ४२ हजारांवर रुग्ण आणि जवळपास तीन हजार मृत्यू झाले, त्यानंतर महाराष्ट्राने गरोदर महिला आणि शुगर-बीपीवाल्यांना ही लस सरकारी दवाखान्यात मोफत द्यायला सुरुवात केली. लहान मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात ही नसते, त्यामुळे साठा सगळीकडे आणि सगळ्या वेळी नसतो. आशाताईला सांगून ठेवा, नाव लिहून घ्यायला लावा. एकदा "नाही" म्हणाले म्हणून परत फिरू नका, कुठे आहे ते विचारा.

धानबांधी

नर्सबाई, खूप आभार. बायकोला तुमचा मेसेज वाचून दाखवला. ती स्वतः तयार आहे, सासूबाईंशी तीच बोलणार म्हणते.

आमच्या केंद्रावर साठा नाही. मेडिकलवाला म्हणतो दोन प्रकारच्या आहेत, तीनवाली आणि चारवाली (फ्लूच्या तीन किंवा चार प्रकारांवरची), चारवाली महाग पण तीच घ्या. त्याचा फ्रिज मी पाहिला, लसीच्या डब्या कोल्ड्रिंकच्या बाटल्यांना चिकटून ठेवल्या होत्या आणि आमच्याकडे लाइट दिवसातून किती वेळा जाते ते काय सांगू. अशी लस चालते का? आणि पुतणीचं कोणी सांगा.

इटियाडोह

मी गोंदिया जिल्ह्यातली. माझा मुलगा एसएस आहे, आता बारा वर्षांचा. दादा, तुमच्या वहिनीला माझं एवढं सांगा की सिकलच्या लेकराला जी सुई टाळायची असेल ती सलाइनची सुई. फ्लूचा ताप आला की अंगातलं पाणी कमी होतं, ऑक्सिजन कमी पडतो, आणि त्यातून क्रायसिस, म्हणजे अंगात असह्य दुखण्याचा झटका, सुरू होतो. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना साध्या वाटणाऱ्या खोकल्यातून छातीत गेलं. रात्री पाय धरून ओरडत होता, मग छाती धरली. रक्त चढवावं लागलं. तेव्हापासून आमच्या डॉक्टरांनी दरवर्षी फ्लूची लस लावून दिली आहे, न्यूमोनियाची वेगळी. ताप येतो मधूनमधून, पण तशी रात्र पुन्हा आली नाही.

लस घेतली तरी एक नियम सोडू नका. सिकलच्या मुलाला १०१ च्या वर ताप गेला की घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. त्याच वेळी दवाखाना. गाडीची सोय आधीच बोलून ठेवा.

फिजिशियन_वर्धा

वरच्या दोन्ही ताईंनी नेमकं सांगितलं आहे. राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं देतो.

यवतमाळच्या भाऊंचा अनुभव खोटा नाही. लसीतले विषाणू आणि गावात फिरणारे विषाणू चांगले जुळले त्या वर्षी ही लस साधारण ४० ते ६० टक्के लोकांचा आजार टाळते. म्हणजे घेऊनही काहींना होणारच. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना दर वर्षी फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये लसीत कोणते प्रकार घ्यायचे ते नव्याने ठरवते, आणि म्हणून लसही दरवर्षी घ्यावी लागते. पण माझ्यासमोर व्हेंटिलेटरवर जे येतात त्यांच्यात गरोदर बाया, शुगरवाले, दमेकरी, वयस्क हेच जास्त असतात. या लोकांना लस घेऊनही फ्लू झाला तरी तो आयसीयूपर्यंत जाण्याची शक्यता कमी होते. निर्णय त्या हिशोबाने करा. शिवाय प्रत्येक ताप-खोकला फ्लूचा नसतो, दुसऱ्या विषाणूंवर ही लस काहीच करत नाही.

तीन की चार हा प्रश्न सोडून द्या. चौथा प्रकार बी-यामागाता नावाचा होता. २०२० च्या मार्चनंतर तो जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही, म्हणून आता तीनच प्रकार पुरेसे मानतात. स्वाइन फ्लूचा एचवनएनवन आणि २०२३ मध्ये गाजलेला एचथ्रीएनटू हे दोन्ही तीनवालीत असतात. महाग डबी घेऊ नका. डबीवरचं वर्ष पाहा, ताजी असलेली आणि मुदतीतली घ्या.

फ्रिजचं तुम्ही बरोबर हेरलं. ही लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. गरम झाली तर ताकद जाते, गोठली तर कायमची वाया जाते, आणि वरून पाहून काही कळत नाही. त्या दुकानातून घेऊ नका. जिथे लहान मुलांचं लसीकरण रोज होतं, तापमानाची नोंद ठेवतात, इन्व्हर्टर आहे, अशा बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात जा आणि तिथंच टोचून घ्या. घरी आणून ठेवायची नाही.

उशिराचं म्हणाल तर लसीचं संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. आपल्याकडे पावसाळ्यातली साथ ओसरली की जानेवारी ते मार्च पुन्हा एक लाट येते. त्यामुळे आज घेतलेली वाया जात नाही. मधल्या दोन आठवड्यांत मात्र सांभाळा. खोकणाऱ्याने रुमाल बांधावा, वेगळं झोपावं, आणि बायकोने शक्यतो त्याची सेवा करू नये.

पुतणी सहा वर्षांची आहे आणि पहिल्यांदाच घेते आहे ना? नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी दोन डोस लागतात, चार आठवड्यांच्या अंतराने. एकाच डोसवर थांबू नका.

आईच्या गुडघ्यांबद्दल: त्या वयात झिजेमुळे गुडघे दुखतात, ते इंजेक्शन घेतलं नसतं तरी दुखले असते. या लसीनंतर दंड दुखणं, एक-दोन दिवस कणकण, एवढंच बहुतेकांना होतं. नसांचा गियाँ-बारे हा आजार दहा लाखांत एक-दोघांना होऊ शकतो. आधी कधी झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आज कोणाला चांगलाच ताप असेल तर तो उतरू द्या, साध्या सर्दीत लस चालते.

आणि लस घेतली म्हणून हे विसरू नका: धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ-नखं निळसर होणं, माणूस गुंगीत जाणं, यातलं काहीही दिसलं की थेट मोठं रुग्णालय. गरोदर बाई, सिकलचं मूल किंवा शुगरवाली आई यांना फ्लूसारखा ताप आला तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांना टॅमिफ्लू या फ्लूच्या औषधाबद्दल विचारा, ते ४८ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त काम करतं. मुलीला ॲस्पिरिन देऊ नका.

नर्सबाई_आरमोरी

डॉक्टरसाहेबांच्या बोलण्याला एक जोड देते. आपला भाग मलेरियाचा आहे. दादा, साथ फ्लूची म्हणून गावात प्रत्येक ताप फ्लूचाच समजू नका. आशाताईकडे बोटाच्या रक्ताची किट असते, ताप आला की तपासून घ्या. २०१८ मध्ये नागपूरकडे स्क्रब टायफस (गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप) पसरला होता, तोही याच दिवसांत. गवतात, बांधावर काम करणाऱ्याला तापासोबत अंगावर कुठे काळी खपली दिसली तर डॉक्टरला दाखवा. काखेत, कंबरेखाली लपलेली असते, माणसाला स्वतःला कळत नाही. त्याचं औषध साधं आहे पण वेळेत मिळायला हवं.

धानबांधी

बाबांच्या अंड्याचं राहिलंच. त्यांना खोटं सांगायचं नाही मला.

फिजिशियन_वर्धा

खोटं सांगू नका. विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, मग मारून शुद्ध करतात, अंड्याचा अगदी सूक्ष्म अंश राहू शकतो. वडील धडधाकट आहेत, तरी वयामुळे त्यांनीही घ्यावी असंच मी म्हणेन. पण त्यांचा नियम त्यांचा आहे, जबरदस्ती करू नका. त्यांना फक्त एवढं विचारा की सुनेच्या आणि नातीच्या लसीला त्यांची हरकत आहे का.

धानबांधी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी ब्रह्मपुरीला जाऊन आलो.

बाबा म्हणाले, "मी नाही घेणार. पोरीले आणि सुनेले मात्र आजच ने." बायकोची लस ग्रामीण भागातल्याच एका सरकारी दवाखान्यात मिळाली, मोफत. आशाताईने फोन करून शोधली. पुतणीसाठी बालरोगतज्ज्ञाकडे पैसे मोजले. त्यांच्या फ्रिजच्या दारावर तापमानाचा कागद लावलेला होता, सकाळ-संध्याकाळची नोंद पेनाने केलेली. ते पाहून मन निर्धास्त झालं. वहिनीला इटियाडोह ताईंचा मेसेज दोनदा वाचून दाखवला होता, तिने पोरीला स्वतः मांडीवर धरलं. पोरगी सुई लागल्यावर रडली, पण बाहेर आल्यावर आलुबोंडा मागितला.

आई अजून तयार नाही. सरकारी दवाखान्यात तिचं नाव लिहून आलो आहे, शुगरची वही घेऊन या म्हणाले. बायकोला दंड दुखतोय, बाकी काही नाही. मी आणि भाऊ सध्या थांबतो, धान निघाल्यावर पाहू.

एक शेवटचं विचारतो. पुतणीचा दुसरा डोस चार आठवड्यांनी येतो तेव्हा आमच्याकडे कापणी ऐन भरात असेल. चार-आठ दिवस मागे गेला तर पहिला वाया जातो का?

नर्सबाई_आरमोरी

वाया जात नाही. चार आठवड्यांच्या आधी घ्यायचा नाही, थोडा नंतर झाला तरी चालतो. पण सिकलचं लेकरू आहे, थंडी पडायच्या आत उरकून टाका. कार्डावर तारीख लिहून घेतली का? नसेल तर आजच फोन करून लिहून घ्या, आणि आशाताईलाही ती तारीख द्या. आईंना केंद्रावर न्याल त्या दिवशी सकाळची शुगरची गोळी आणि नाश्ता चुकवू नका, उपाशी पोटी येऊन चक्कर आली की लोक नाव लसीला ठेवतात.