प्रत्येक डोळ्याला स्वतंत्र चित्र

थ्रीडी टीव्ही तर बाजारातून गेले, मग व्हीआर हेडसेटवर (डोळ्यांवर चढवायच्या पडद्यावर) थ्रीडी चित्रपट बघण्यात काय अर्थ, असा प्रश्न पडू शकतो. अर्थ आहे, आणि एका बाबतीत तर हेडसेट टीव्हीपेक्षा सरसच. चष्म्याच्या थ्रीडीत एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात थोडं झिरपायचं. काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांना फिकट जुळी सावली दिसायची. हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला आपापलं चित्र मिळतं, त्यामुळे ती भानगडच नाही.

फाईल मात्र बघून घ्या. 'हाफ साइड-बाय-साइड'मध्ये १९२० पिक्सेलच्या रुंदीत दोन्ही डोळ्यांची चित्रं शेजारी-शेजारी कोंबलेली असतात, म्हणजे एका डोळ्याच्या वाट्याला जेमतेम ९६०. थ्रीडी ब्लू-रे डिस्कवर दोन्ही डोळ्यांना पूर्ण १९२० बाय १०८०. फरक चांगलाच जाणवतो. प्लेअरमध्ये प्रकार चुकीचा निवडला तर पडद्यावरचे पहिलवानही काटकुळे दिसतात!

मागची वस्तू पुढे आल्यासारखी वाटली तर डाव्या-उजव्या डोळ्यांची चित्रं उलटी झालीयत. बहुतेक प्लेअरमध्ये अदलाबदलीची सोय असते. डोळ्यांवर ताण येत असेल तर चित्रपटाला दोष देण्याआधी भिंगांमधलं अंतर आपल्या बुबुळांमधल्या अंतराशी जुळवा. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक बरंच बदलतं.